आज मी विमान उडवू शकत नाही

१४ जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत दाट धुके होते. गोव्याला जाणारे एक विमान तासन्‌तास रखडले होते आणि प्रवासी आतच बसून होते. अजून उशीर होणार असल्याची घोषणा करायला को-पायलट पुढे उभा राहिला, तेव्हा मागच्या रांगेतून एक प्रवासी धावत आला आणि त्याने त्याला ठोसा मारला. ती चित्रफीत देशभर फिरली आणि त्या प्रवाशाला पोलिसांनी ताब्यात घेतले. बातमीतला एक तपशील मात्र फारसा कुणी लक्षात घेतला नाही. मार खाणारा वैमानिक त्या विमानावर नंतर आला होता. आधीच्या वैमानिकांचे ड्युटीचे तास संपले होते, म्हणून नियमाप्रमाणे त्यांना उतरवून नवी जोडी बोलावली होती. ज्या नियमामुळे त्या दिवशी ताजेतवाने वैमानिक मिळाले, त्याच नियमाच्या वाट्याला तो ठोसा आला.

मला तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो, कारण त्यात आपण सगळे दिसतो. वैमानिक तंदुरुस्त असावा हे आपल्याला मान्य असते, पण तंदुरुस्तीची किंमत आपल्या वेळात, तिकिटात किंवा कंपनीच्या नफ्यात मोजायची वेळ आली की आपण चिडतो. वैमानिकाच्या आरोग्याची चर्चा आपल्याकडे नेहमी मेडिकलपाशी, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या आरोग्यतपासणीपाशी, येऊन थांबते. तपासणी झाली का, कडक होती का, कुणी पैसे देऊन सही तर घेतली नाही ना? हे प्रश्न रास्त आहेत, पण ते वर्षातल्या एका दिवसाबद्दल आहेत. उरलेल्या ३६४ दिवसांची तपासणी वैमानिक स्वतःच करत असतो. ‘आज मी विमान उडवू शकत नाही’ हे वाक्य तो उच्चारू शकतो का, आणि उच्चारले तर त्याचे काय होते, यावर आपला जीव अवलंबून असतो. आपल्या व्यवस्थेने हे वाक्य फार महाग करून ठेवले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी मेडिकलविषयी, कारण ती टाकाऊ गोष्ट आहे असे मला म्हणायचे नाही. व्यावसायिक वैमानिकाला क्लास वन मेडिकल लागते. भारतात वर्षानुवर्षे पहिली तपासणी हवाई दलाच्याच केंद्रांत होत आली : बंगळुरूची एरोस्पेस मेडिसिनची संस्था, दिल्ली, जोरहाट. डोळे, कान, ईसीजी, रक्त, लघवी, वजन असे सगळे तिथे कसून बघितले जाते. पुढे दर १२ महिन्यांनी तपासणी, साठीनंतर दर सहा महिन्यांनी आणि ६५ पूर्ण झाली की प्रवासी विमानाचे कॉकपिट बंद. इतकी काटेकोर आरोग्यतपासणी दुसऱ्या कोणत्या नोकरीत होते? रात्रभर एसटी किंवा ट्रक चालवणाऱ्याची तर नाहीच होत.

तरीही मेडिकल म्हणजे भविष्यवाणी नव्हे. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर विमानतळावर पुण्याला जाणारे विमान घेऊन निघण्याआधी एक वैमानिक बोर्डिंग गेटपाशीच कोसळला आणि दगावला. चाळिशीच्या आसपासचा माणूस. आदल्या दिवशीच्या उड्डाणांनंतर त्याला २७ तासांची विश्रांती मिळाली होती, असे तेव्हा सांगण्यात आले. या मृत्यूचे खापर मी थकव्यावर फोडणार नाही, तसा पुरावा नाही. पण तो मेडिकल पास झालेला माणूस होता आणि तासाभराने तो हवेत असता.

विमानवैद्यकाने ही शक्यता कधीच गृहीत धरली आहे. युरोपात वापरात असलेला ‘एक टक्क्याचा नियम’ समजून घेण्यासारखा आहे. एखाद्या वैमानिकाला पुढच्या वर्षभरात अचानक अक्षम करणारा झटका येण्याची शक्यता एक टक्क्यापर्यंत असेल, तर दोन वैमानिकांच्या विमानात ती चालवून घेता येते. ऐकताना अंगावर काटा येतो, पण हिशेब साधा आहे. वर्षाचे तास सुमारे दहा हजार धरले, तर वर्षाला एक टक्का म्हणजे तासाला दहा लाखांत एक. उड्डाण आणि उतरणे हा धोक्याचा काळ प्रवासाच्या साधारण एक दशांश, म्हणून एक कोटीत एक. अशा क्षणी शेजारच्या वैमानिकाला विमान सावरता न येण्याची शक्यता शंभरात एक, म्हणून शंभर कोटी तासांत एक. एवढा धोका जग स्वीकारते.

हा हिशेब दोन गृहीतकांवर उभा आहे. पहिले, दोघे वैमानिक एकाच वेळी निकामी होणार नाहीत. दुसरे, शक्यतेचा अंदाज बांधणाऱ्या डॉक्टरला वैमानिकाचा आजार ठाऊक आहे. हृदयविकार, मधुमेह, फिट्स यांच्या बाबतीत ही गृहीतके बऱ्यापैकी टिकतात. पण थकवा पहिल्याला उडवून लावतो आणि भीती दुसऱ्याला.

थकवा दोघांना एकदमच येतो, कारण रोस्टर, म्हणजे ड्युटीचे वेळापत्रक, दोघांचे बहुधा एकच असते. २५ जानेवारी २०२४ रोजी इंडोनेशियात केंदारीहून जाकार्ताला जाणाऱ्या बातिक एअरच्या विमानात दोन्ही वैमानिक २८ मिनिटे एकाच वेळी झोपलेले होते. विमान मार्गापासून भरकटले, जाकार्ताचे नियंत्रक हाका मारत राहिले आणि उत्तर आले नाही. कॅप्टनला आपोआप जाग आली म्हणून १५३ प्रवासी सुखरूप उतरले. चौकशीत कळले की को-पायलटच्या घरी महिन्याभराची जुळी मुले होती आणि त्यांच्यासाठी तो रात्री जागत होता. ज्यांनी तान्हे बाळ वाढवले आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको. त्या तरुणाचा ईसीजी उत्तमच आला असता. त्या दिवशी त्याला कुणी विचारायला हवे होते ते एवढेच, की काल रात्री किती तास झोपलास? आणि खरे उत्तर दिल्यावर त्याला घरी परत जाता यायला हवे होते.

आपल्याकडचे उदाहरण याहून फार भीषण आहे. २२ मे २०१०, दुबईहून मंगळूरला येणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान. पहाट उलटून सहा वाजले होते. विमानात १६६ जण होते, त्यातले १५८ गेले. गेलेल्यांत बहुतेक आखातात राबून घरी परतणारी माणसे आणि त्यांचे कुटुंबीय होते. या अपघाताची चौकशी हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. कॉकपिटातल्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. सुमारे दोन तासांच्या त्या मुद्रणात पहिला एक तास चाळीस मिनिटे दोघांमध्ये संभाषणच नव्हते. कॅप्टन उठला तो उतरायच्या तयारीच्या वेळी, आणि झोपेतून उठल्यानंतरच्या ग्लानीत त्याने विमान फार उंचावरून, फार वेगात खाली आणले. को-पायलट गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर चल, असे म्हणत राहिला, एकदा नव्हे, तीनदा. टेकडी सपाट करून बांधलेल्या आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर विमान टेकले तेव्हा निम्म्याहून जास्त धावपट्टी मागे पडली होती.

कागदावर तो कॅप्टन तंदुरुस्त होता.

या अपघाताचे खापर एका माणसाच्या डोक्यावर फोडून मोकळे होणे सोपे आहे. त्याच्या चुका होत्याच, चौकशीने त्या मांडल्या. पण पहाटे दोन ते सहा ही वेळ माणसाच्या शरीराची सगळ्यात खालची वेळ असते. शरीराचे तापमान उतरते, लक्ष ढळते, निर्णय मंदावतो. रात्रपाळी केलेल्या प्रत्येक परिचारिकेला, गिरणी कामगाराला, वॉचमनला हे ठाऊक आहे. कितीही मनोनिग्रह केला तरी या घड्याळाशी सौदा करता येत नाही. आणि आपली स्वस्त विमाने नेमकी याच वेळेला उडतात आणि उतरतात. पुण्यात, मुंबईत, नागपुरात पहाटेचे तिकीट दोन हजारांनी कमी दिसले की मीही तेच काढत आलो आहे. त्या दोन हजारांतला काही भाग कुणाच्या तरी झोपेतून येतो, हे मला फार उशिरा उमगले.

याच घड्याळाची दखल घेऊन नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम आणले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. ‘रात्र’ पहाटे पाचला संपायची ती सहाला संपेल असे ठरवले. रात्रीच्या काळात सहा वेळा लँडिंग करता येत होते, ते दोन वेळांवर आणले. विमान कंपन्यांनी थकव्याच्या तक्रारींचा अहवाल दर तिमाहीला द्यावा असे सांगितले. चांगले नियम होते. जून २०२४ पासून लागू व्हायचे होते, कंपन्यांनी हरकत घेतली आणि ते पुढे ढकलले गेले. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि शेवटी १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते लागू करायचे ठरले. म्हणजे तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळाली.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. देशातल्या सर्वात मोठ्या कंपनीकडे, इंडिगोकडे, नव्या नियमांना पुरतील एवढे वैमानिक रोस्टरवर नव्हते. ५ डिसेंबर या एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर बॅगांचे डोंगर साठले, लोकांची लग्ने चुकली, परीक्षा चुकल्या, कुणाला अंत्यदर्शनही मिळाले नाही. प्रवाशांचा संताप शंभर टक्के योग्य होता. पण त्या संतापावर उतारा म्हणून त्याच दिवशी जे झाले ते मला आजही सलते. त्या कंपनीला रात्रपाळीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, ही अट तर सर्वांसाठीच मागे घेतली गेली. आईच्या आजारपणात इस्पितळाच्या बाकावर काढलेली रजा आणि घरी पडदे ओढून झोपून काढलेला दिवस शरीराच्या लेखी सारखेच, असे मानले तरच ही सवलत देता येते.

नियोजन कंपनीचे चुकले, कंपनीनेही ते कबूल केले. मग भरपाई वैमानिकांच्या झोपेतून का? पूल कमकुवत निघाला आणि गर्दी वाढली, तर पुलावरची वजनमर्यादा तेवढ्या दिवसांपुरती कोणी वाढवत नाही. उड्डाणे कमी करायला लावायची होती, तिकिटांचे दर बांधून द्यायचे होते, प्रवाशांना पर्याय द्यायचे होते. यातले काही सरकारने केलेही. पण नियम शिथिल करण्याने सगळ्या कंपन्यांना एक धडा मिळाला : तयारी करू नका, गोंधळ पुरेसा मोठा झाला की सूट मिळते. हा धडा पुसायला अनेक वर्षे लागतील.

हे झाले पहिल्या गृहीतकाचे. दुसरे जास्त नाजूक आहे, कारण ते कॉकपिटाबाहेर, डॉक्टरच्या खोलीत मोडते.

गोंदियाच्या, बारामतीच्या किंवा धुळ्याच्या उड्डाण प्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या मुलाची कल्पना करा. व्यावसायिक लायसन्सचा खर्च ५० लाखांच्या पुढे. विशिष्ट जातीचे विमान उडवण्याचे प्रशिक्षण त्यावर वेगळे. शेत किंवा घर गहाण ठेवून, शैक्षणिक कर्ज काढून तो नोकरीला लागतो. पगारातला मोठा हिस्सा उडवलेल्या तासांवर ठरतो. आता या मुलाला रात्री झोप येईनाशी झाली, छातीत धडधडू लागले किंवा वडील गेल्यानंतर महिनोन्‌महिने मन थाऱ्यावर येईना. तो डॉक्टरकडे जाईल? गेला तर कागद होईल. कागद झाला तर पुढच्या मेडिकलला सांगावे लागेल. सांगितले तर ‘टेम्पररी अनफिट’चा, म्हणजे तूर्त उडायला अपात्र असा शेरा, मग तज्ज्ञांची मते, पुन्हा तपासणी, डॉक्टरांचे बोर्ड. तोवर हप्ते थांबत नाहीत. म्हणून तो जात नाही. गेलाच तर दुसऱ्या गावात, रोख पैसे देऊन, व्यवसाय न सांगता. यात बेइमानी कमी आणि असहायता जास्त आहे.

ही माझी कल्पनाच आहे असे कुणी म्हणेल. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३,७६५ वैमानिकांना विचारले होते. त्यातल्या ५६ टक्क्यांनी सांगितले की मेडिकल गमावण्याच्या भीतीने आपण कधी ना कधी उपचार टाळले आहेत किंवा माहिती लपवली आहे. निम्म्याहून जास्त! जिथे पगार बरे आहेत आणि संघटना बळकट आहेत अशा देशातला हा आकडा आहे.

आणि लपवण्याचे टोक आपण २४ मार्च २०१५ रोजी पाहिले. जर्मनविंग्जचे विमान फ्रान्सच्या आल्प्समध्ये को-पायलटने हेतुपुरस्सर पाडले आणि १५० माणसे मेली. त्याला २००८-०९ मध्ये नैराश्य आले होते, त्यातून बरा झाल्यावर त्याला लायसन्स मिळाले होते. २०१४ च्या अखेरीस आजाराची लक्षणे पुन्हा दिसू लागली. तो अनेक डॉक्टरांकडे गेला. काहींनी त्याला कामावर न जाण्याची चिठ्ठी दिली, मार्चमध्ये एकाने मनोरुग्णालयात उपचार घ्यायला सांगितले. त्या चिठ्ठ्या त्याने कंपनीला दिल्याच नाहीत आणि गोपनीयतेच्या कडक कायद्यामुळे डॉक्टरही बोलले नाहीत. त्याच्या कृत्याला क्षमा नाही, आणि नैराश्याचा प्रत्येक रुग्ण असे काही करतो असे मानणे हा त्या लाखो रुग्णांवर अन्याय आहे. पण फ्रेंच तपास संस्थेच्या अहवालातला एक भाग मी दोनदा वाचला. प्रशिक्षणासाठी त्याने सुमारे ४१ हजार युरोंचे कर्ज काढले होते. नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत कायमचा अनफिट ठरला असता तर विम्यातून त्याला एकदाच ५८,७९९ युरो मिळाले असते, आणि उत्पन्न बुडाल्याची भरपाई करणारा विमा त्याच्याकडे नव्हता. दीडशे माणसांच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्यांना कर्जाचा आणि विम्याचा आकडा लिहावासा वाटला, कारण लायसन्स जाण्याची भीती माणसाला गप्प कशी बसवते हे त्यांना दाखवायचे होते. त्यांनी शिफारस केली ती त्या भीतीचा भार हलका करण्याची आणि सहकाऱ्यांच्या आधारगटांची. युरोपने फेब्रुवारी २०२१ पासून प्रत्येक विमान कंपनीला असा आधारगट सक्तीचा केला.

आपल्याकडे डीजीसीएने फेब्रुवारी २०२३ मध्ये वैमानिकांच्या मानसिक आरोग्याविषयी परिपत्रक काढले. मेडिकलच्या वेळी मनाचीही विचारपूस व्हावी, कंपन्यांनी सहकाऱ्यांचा आधारगट उभारावा असे त्यात सुचवले आहे. पाऊल योग्यच होते. पण कंपनीच्या इमारतीत, कंपनीच्या पगारावर चालणाऱ्या आधारगटाकडे माणूस मन मोकळे करायला जाईल, हा विश्वास कुठून आणायचा?

अहमदाबादनंतर तो विश्वास आणखी खालावला. १२ जून २०२५ च्या एअर इंडियाच्या त्या अपघातात २६० माणसे गेली. महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला, त्यात उड्डाणानंतर लगेच इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेल्याचा उल्लेख होता. चौकशी पूर्ण होण्याची वाट न पाहता परदेशी वर्तमानपत्रांत आणि आपल्या वाहिन्यांवर कॅप्टनच्या मनःस्थितीची चिरफाड सुरू झाली. घरी कोण होते, रजा कधी घेतली होती, एकटा राहायचा का, सगळे चघळले गेले. नव्वदी ओलांडलेल्या वडिलांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि हे ओझे मनावर घेऊ नका असे न्यायालयाला त्यांना सांगावे लागले. ही चर्चा ऐकणाऱ्या हजारो वैमानिकांनी काय धडा घेतला असेल? आपली एखादी वैद्यकीय रजा, समुपदेशकाला केलेला एखादा फोन उद्या आपल्या मृत्यूनंतर पुरावा म्हणून टीव्हीवर दाखवला जाईल. मग फोन न केलेलाच बरा.

अपघातानंतरच्या पहिल्याच आठवड्यातली आणखी एक नोंद आहे. १६ जूनला एअर इंडियाच्या ११२ वैमानिकांनी आजारी असल्याचे कळवले, ५१ कॅप्टन आणि ६१ को-पायलट. पुण्याचे खासदार आणि नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत लेखी उत्तरात ही माहिती दिली आणि वाढ किरकोळ असल्याचे म्हटले. या आकड्याकडे काहींनी दुबळेपणा म्हणून पाहिले. मला त्यात उलट आशा दिसते. सहकारी गेल्यानंतर चार दिवसांनी शंभरावर माणसांनी आज मला जमणार नाही असे सांगितले. त्यांच्यापैकी कुणी दुःखात, निद्रानाशात तसेच विमान घेऊन निघाले असते तर ते जास्त काळजीचे होते.

आता समोरून येणारा थेट प्रश्न. नैराश्याचे औषध घेणाऱ्या वैमानिकाच्या विमानात तुम्ही तुमच्या मुलांना बसवाल का? होय, बसवेन. नैराश्य कधीच न आलेले हजारो वैमानिक आणि नैराश्य आलेले थोडे, अशी निवड आपल्यापुढे नसते. माणसे म्हटल्यावर काहींना ते येणारच. निवड असते ती उपचार घेऊन, डॉक्टरांच्या नजरेखाली स्थिर झालेला वैमानिक आणि उपचार न घेता हसत मेडिकल देऊन आलेला वैमानिक यांच्यात. अमेरिकेने २०१० मध्ये चार विशिष्ट औषधे घेणाऱ्यांना, ठरावीक काळ स्थिर राहिल्यावर आणि कडक देखरेखीखाली, पुन्हा उडण्याची वाट खुली केली. औषध सुरू केल्याबरोबर लगेच उडा असे कुणी म्हणत नाही. काही महिने खाली राहावे लागते. त्या महिन्यांत घर कसे चालणार, याचे उत्तर मिळाले तर माणूस खरे बोलतो.

म्हणून माझ्या दृष्टीने यातली सर्वात महत्त्वाची वैद्यकीय सुधारणा पगाराची आहे. ‘टेम्पररी अनफिट’ काळात उडण्याच्या तासांच्या सरासरीइतके वेतन आणि लायसन्स कायमचे गेल्यास कर्जाची परतफेड होईल एवढा विमा, हा विमान कंपनी चालवण्याच्या परवान्याचाच भाग असला पाहिजे. इंधन आणि देखभाल यांच्यासारखाच तो खर्च आहे. वैमानिक लाखोंनी कमावतात, त्यांना कसली दया, असे म्हणणारे माझे मित्र आहेत. त्यांना मी सांगतो की हे दयेपोटी नाही. विमानात मागे बसलेल्या १८० जणांना खरी माहिती हवी असेल, तर तिची किंमत कुणीतरी मोजली पाहिजे. तिकीट थोडे महागेल. महागू द्या.

आधारगट कंपनीच्या बाहेर हवा, डीजीसीएच्याही बाहेर. संघटना, विमानवैद्यकाचे डॉक्टर आणि प्रशिक्षित निवृत्त वैमानिक मिळून तो चालवू शकतात. मराठीत, तमिळमध्ये, हिंदीत बोलता आले पाहिजे. झोप उडाल्याचे सांगायला माणूस आपली भाषा शोधतो. गोपनीयतेला सीमा हवी हेही मला मान्य आहे. इतरांच्या जिवाला उघड धोका दिसत असेल, तर डॉक्टरने बोलले पाहिजे आणि कायद्याने त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. ती सीमा आधी लिहून, सर्वांना सांगून ठेवावी, म्हणजे आत येणाऱ्याला दार कुठे बंद होते ते ठाऊक असेल.

सिक रिपोर्टचा, म्हणजे आजारी असल्याचे कळवण्याचा, हत्यार म्हणून वापर होतो, हा कंपन्यांचा आक्षेप मी नाकारत नाही. पगाराच्या किंवा रोस्टरच्या वादात एकाच दिवशी सगळे आजारी पडल्याची उदाहरणे आहेत, आणि असे करणारे आपल्याच प्रामाणिक सहकाऱ्यांचे नुकसान करतात. पण सामूहिक आजारपण आकड्यांत लगेच ओळखू येते. त्यासाठी एकट्यादुकट्याने पहाटे तीनला केलेल्या प्रत्येक फोनवर संशय घ्यायची गरज नाही. पहिल्या आजारपणाला चौकशीची नोटीस गेली, तर दुसऱ्या वेळी तो वैमानिक अंगात ताप असतानाही गणवेश चढवतो.

डीजीसीए दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचे आकडे प्रसिद्ध करते. कोणत्या कंपनीने किती प्रवासी नेले, किती विमाने वेळेवर सुटली, किती रद्द झाली, किती तक्रारी आल्या. वर्तमानपत्रे ते छापतात आणि कंपन्या वक्तशीरपणातल्या पहिल्या क्रमांकाची जाहिरात करतात. थकव्याचे तिमाही अहवाल कंपन्यांना द्यावेच लागतात. मग त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने हवेत : या तिमाहीत किती वैमानिकांनी थकल्याचे कळवले आणि त्यातल्या किती जणांचे म्हणणे कंपनीने मान्य केले. एखाद्या कंपनीच्या नावापुढे पहिल्या रकान्यात शून्य दिसले, तर मी त्या कंपनीचे पहाटेचे तिकीट काढणार नाही.